शेपूट फुटलेलं लोखंड

मोळीपूजनाच्या सकाळी मी मळीच्या तीन नंबरच्या टाकीला नवी बाटली लावायला शिडी चढले आणि पाहते तो काय, माझ्या लोखंडाला शेपूट फुटलं होतं!

दुसरा शब्दच नाही त्याला. वीतभर रुंद, करडं, खडबडीत, पत्र्याला घट्ट धरून बसलेलं ते शेपूट पाइपाच्या आधाराखालून निघालं होतं आणि सरळ डावीकडे गेलं होतं. तिकडे त्याचं काही म्हणजे काही काम नव्हतं. थोडं पुढे चेअरमनबाईंच्या स्वागताचा भला मोठा फ्लेक्स टाकीवर ताणून बांधला होता आणि शेपूट त्या फ्लेक्सखाली शिरलं होतं. मागच्या महिन्यात आले तेव्हा इथे साधी पुटकुळीही नव्हती.

खाली बोरजाई सहकारी साखर कारखान्याच्या आवारात स्पीकरवर सनई सुरू होती. हंगामाची पहिली मोळी पूजा करून गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढणाऱ्या पट्ट्यावर टाकायची, हा आमच्याकडचा मोठा सोहळा. गव्हाण पार पलीकडच्या टोकाला; पण तिकडे ऊन रणरणतं, म्हणून यंदा भाषणांसाठी खुर्च्या टाकीलगतच्या हिरव्या जाळीखाली मांडल्या होत्या. आयता मांडव! सभासद सहकुटुंब येऊ लागले होते, आणि मी वर टाकीला चिकटून घाम पुसत होते.

आधी काय प्रकार आहे ते सांगते, नाहीतर तुम्हाला वाटायचं, बाई उन्हानं भ्रमिष्ट झाली.

पोलादी टाकी लांबून बुरुजासारखी दिसते. प्रत्यक्षात तिच्या घेराच्या मानानं पत्रा इतका पातळ असतो, की त्या हिशेबात अंड्याचं कवच जाडजूड म्हणावं लागेल. टाकी भरली की तिचं पोट फुगतं, उपसली की आत जातं. डोळ्यांना दिसत नाही, पण जातं. आता या पोटाला बाहेरून पाइप धरून ठेवायचे असतात. त्यासाठी लोखंडी आधार लागतो. तो थेट पत्र्यावर वेल्ड केला, तर पाइपाची सगळी ओढाताण टिचभर जागेवर येते आणि तिथे पत्रा थकतो, चिरतो. म्हणून आधी पत्र्यावर गोल कोपऱ्यांचा एक जाड तुकडा वेल्ड करतात. त्याला पॅड म्हणायचं. आधार त्या पॅडवर बसतो आणि भार पसरतो. सारवलेल्या जमिनीत कॉटचा पाय रुतू नये म्हणून आपण खाली फरशीचा तुकडा सरकवतो ना, तेच.

पण पॅड केवढं, किती जाड, हे टाकी बांधतानाच ठरतं. पुढे पाइप बदलतात, पंप बदलतात, उन्हाळे वाढत जातात. पॅड बिचारं होतं तसंच. मला कॉलेजपासून एकच खूळ होतं: पॅड हाडासारखं का नसावं?

तालमीत जाणाऱ्याचं हाड जाड होतं, हे आमच्या सांगलीकडे कुणाला सांगायला नको. हाडातल्या पेशींना ताण कळतो आणि तो जिथे पुन्हा पुन्हा येतो तिथे त्या नवं हाड रचतात. नुसत्या स्थिर ओझ्याकडे त्या ढुंकून बघत नाहीत. हलणारा, येणारा-जाणारा भार त्यांना जागं करतो. मी तेच लोखंडात आणलं. माझ्या पॅडवर अगदी बारीक दाण्यांचा थर असतो. तो वाकला की किंचित वीज सोडतो. त्यावर एक लेप, ज्यात लोह विरघळलेलं. वीज जिथे वारंवार उमटते तिथे लेपातलं लोह कणाकणानं बसत जातं. लेप संपू नये म्हणून वर बाटली टांगलेली, थेंबथेंब सुटणारी. वाढता वाढता लेप कडेनं जरा पुढे सरकतो, खडकावर दगडफूल सरकतं तसा. जरा म्हणजे नखभर. दोन हात नव्हे!

वर्तमानपत्रांनी त्याला ‘लोहास्थी’ असं भारदस्त नाव दिलं होतं. कारखान्यातले लोक बाटली बघून म्हणायचे, “टाकी ॲडमिट केलीया.” आणि माझे वडील त्याला चामखीळ म्हणायचे.

भार नसताना हाड वाढायला लागलं, तर डॉक्टर त्याला गाठ म्हणतात. मी घाबरले ती त्याच विचारानं. हे शेपूट भारासाठी वाढलं असेल तर ठीक. उगाच वाढलं असेल, तर आठ-नऊ वर्षं मी जे रक्त आटवून उभं केलं ते रोगट निघालं. मग राज्यात जिथे जिथे ते लावलंय तिथून खरवडून काढायचं, आणि माझं चुकलं असं जगाला सांगून मोकळं व्हायचं. हाड की गाठ? एवढाच प्रश्न होता, आणि माझ्या गणितानं त्याचं उत्तर आधीच देऊन ठेवलं होतं. डाव्या बाजूला भार शून्य.

मी खाली वाकून हाक मारली. “अण्णा! वर या.”

“आत्ता?” अण्णा खालून म्हणाले. “ताईसाहेब पोचतील एवढ्यात. काय झालं?”

“वर या म्हणते ना!”

अण्णा, म्हणजे भूपाल उपाध्ये, माझे वडील आणि या कारखान्याचे चीफ इंजिनिअर. हा त्यांचा शेवटचा हंगाम. टाक्यांच्या बाबतीत माणूस महाकडक. “टाकीच्या अंगाला पॅडशिवाय काही चिकटवायचं नाही,” हे वाक्य मी लहानपणी शुभंकरोतीच्या आधी शिकले असेन. कुणी ट्यूबलाइटसाठी साधी क्लिप थेट पत्र्यावर वेल्ड केली, तर अण्णा ती स्वतः उभं राहून काढायला लावत आणि त्या माणसाला आठवडाभर टोमणे मारत. माझ्या पॅडची चाचणी इथे करू द्यावी म्हणून संचालकांपुढे ते उभे राहिले होते. तिथे म्हणाले होते, “पोरगी माझी आहे म्हणून सांगत नाही. टाकी माझी आहे म्हणून सांगतो.”

ते शेजारच्या शिडीवरून माझ्या बरोबरीला आले. त्यांनी शेपटावरून बोट फिरवून पाहिलं.

“चामखीळ बरीच लांबलीय गं, सरू.”

“थट्टा नको. इथे डावीकडे काही भार आहे का?”

“ड्रॉइंगमध्ये नाही.”

“माझ्या गणितातही नाही. म्हणजे हे उगाचच वाढलंय. गाठ आहे ही, अण्णा. ग्राइंडर मागवा, मी आत्ताच्या आत्ता उडवते.”

“आत्ताच का?”

“लोक येतायत. फोटो काढतील. उद्या सगळीकडे...”

“म्हणजे लाज वाटते म्हणून?”

मी हातातली बाटली उगाच नीट करायला लागले.

“तूच मला सांगितलंस, हे लोखंड भार ओळखतं,” अण्णा म्हणाले. “आज ते सांगतंय की मी काहीतरी ओळखलंय, तर तू त्याचं तोंड बंद करायला निघालीस. आधी विचार तरी त्याला, बाबा रे, काय ओळखलंस म्हणून.”

मला संताप आला. ते बरोबर बोलत होते म्हणून जास्तच आला. चामखीळ म्हणणारा माणूस विश्वास ठेवतोय आणि जिनं जन्म दिला ती ग्राइंडर मागतेय!

विचारणं तसं सोपं होतं. दाण्यांचा थर वीज सोडतो म्हटल्यावर ती मोजताही येते. मी पिशवीतून मीटर काढला, एक चिमटा पॅडला लावला. आकडा शांत. बरोबरच होतं, मळी टाकीत काठोकाठ भरलेली, पंप बंद, पाइप गप्प. हंगाम सुरू व्हायच्या आधी डिस्टिलरीला मळी कमी पडू नये म्हणून ती बाहेरून आणून भरून ठेवली होती. मग मी चिमटा शेपटाला लावला.

आकडा शांत... शांत... आणि एकदम उडी मारून वर गेला. परत खाली. पुन्हा शांत.

“हे काय?” मी म्हटलं.

“मीटर बिघडलाय का?”

“नाही! थांबा. पुन्हा बघा.”

पुन्हा उडी. या वेळी लहान. मग काही वेळ काहीच नाही, मग लागोपाठ दोन मोठ्या. टाकी स्तब्ध, मळी स्तब्ध, कारखाना बंद आणि हा आकडा आपला कुणीतरी गुदगुल्या केल्यासारखा उसळतोय! माझी भीती कुठल्या कुठे गेली. भार आहे! कसला ते देव जाणे, पण आहे! माझे कान गरम झाले.

“ट्रॅक्टर जातायत त्याची धडक बसत असेल,” अण्णा म्हणाले.

“एकही ट्रॅक्टर चालू नाही आत्ता. आणि आता सगळे विजेवरचे. धडधड कुठली?”

“मग सनईचा आवाज?”

“अण्णा, काहीतरीच!”

तेवढ्यात गार वाऱ्याची झुळूक मानेवर आली. खाली हिरवी जाळी शिडासारखी फुगली, आणि माझ्या हातातला आकडा उडाला.

आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. अण्णांनी जाळीवर नजर लावली, मी मीटरवर.

“आली,” अण्णा म्हणाले.

“उडाला!”

“गेली.”

“पडला!”

“आली, आली, मोठी आली!”

“अण्णा, आधीची सगळी मापं ओलांडली!”

खालचे लोक माना वर करून बघायला लागले. चीफ साहेब आणि त्यांची लेक शिडीवर उभं राहून कबड्डीच्या सामन्यात ओरडावं तसे ओरडतायत, हे दृश्य त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. मला काय त्याचं! वारा येत होता, जाळी ओढत होती आणि माझं लोखंड ते जाणत होतं. गाठ नव्हती ती. हाड होतं, जिवंत, शहाणं हाड.

“पण जाळीचा इथे काय संबंध?” मी म्हटलं. “पलीकडे ती खांबांना बांधलीय. इकडे कशाला बांधलीय?”

अण्णांचा चेहरा उतरला होता. त्यांनी खिशातला चाकू काढला आणि फ्लेक्सच्या दोऱ्या कापल्या. फ्लेक्सवरच्या चेअरमनबाई जोडल्या हातांनी खाली घसरल्या. मागे कडोबा होता.

कडोबा कोण ते सांगते. टाकी बांधली त्या वर्षी खंडेनवमीला हत्यारं पुजली, तेव्हा टाकीलाही तोरण हवं म्हणून कामगारांनी पत्र्यावर एक लोखंडी कडी वेल्ड केली. दरवर्षी झेंडूचं तोरण, वर हळदकुंकू. पुढे कुणीतरी शेंदूर-तेल लावायला सुरुवात केली. थरावर थर चढले, कडी दिसेनाशी झाली, फक्त खालचं वेटोळं उरलं. मग कुणीतरी चांदीचे डोळे बसवले. झाला देव! नवा कामगार रुजू झाला की आधी कडोबाला नारळ. अण्णासुद्धा रोज फेरी सुरू करताना त्याला हात जोडत. ट्यूबलाइटच्या क्लिपवरून आठवडाभर टोमणे मारणाऱ्या या माणसानं कडोबाला पॅड आहे का, असं आयुष्यात विचारलं नाही. मीही नाही विचारलं. तो देव होता. फिटिंग थोडाच होता!

दोन वर्षांपूर्वी ऑक्टोबरच्या उन्हात ऊसवाले ड्रायव्हर रांगेत उभ्याउभ्या चक्कर येऊन पडायला लागले. त्यांना सावली हवी म्हणून अण्णांनी ही जाळी ताणायला लावली. टाकीला नवा हुक वेल्ड करायची कुणाची छाती नव्हती, अण्णांनी फाडून खाल्लं असतं. कडोबा आयताच होता. जाळीच्या सगळ्या तारा त्याच्याच वेटोळ्यात ओवल्या होत्या.

“मीच म्हटलं होतं,” अण्णा हळूच म्हणाले. “त्याच्या आशीर्वादानं राहील म्हटलं, बांधा.”

शेपटाचं टोक कडोबाच्या वर, शेंदराच्या ढेकळात शिरलं होतं. शेंदराखाली काय होतं ते पाहायलाच हवं होतं.

“दस्तगीर!” अण्णांनी हाक मारली. “खरवडायची पत्री घेऊन ये वर.”

दस्तगीरमामा शिकलगार हे कारखान्याचे हेड वेल्डर. कडोबाचं तोरण वर्षानुवर्षं त्यांच्याच हातचं. ते पत्री घेऊन आले, काय करायचंय ते ऐकलं आणि शिडीच्या मधल्याच पायरीवर थांबले.

“साहेब, त्येला पत्री लावायची न्हाई. खंडेनवमीलाच शेंदूर चढवलाय म्या.”

“मामा, आत पत्रा चिरला असेल,” मी म्हटलं.

“कडोबा असताना चिरंल कसा?”

“आण इकडं, मी खरवडतो,” अण्णांनी हात पुढे केला.

मामांनी त्या हाताकडं पाहिलं. मग वर आले. “तुमी नगा. डोळं फोडाल त्येचं.” त्यांनी आधी चांदीचे डोळे अलगद सोडवले, रुमालात बांधून वरच्या खिशात ठेवले, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले आणि पत्री लावली.

शेंदराचे पापुद्रे निघत गेले. ताजा केशरी, मग जुना विटकरी, मग तेलानं काळा पडलेला. शेवटचा थर निघाला आणि मामांचा हात थबकला.

“या अल्ला!”

कडीच्या वेल्डिंगमधून एक उभी भेग निघाली होती. केसासारखी बारीक, वर गेलेली आणि खाली गेलेली. इतके दिवस शेंदरानं आणि वाळलेल्या मळीनं तिचं तोंड लिंपून ठेवलं होतं. आता तिच्यातून मळीचा काळा थेंब फुगून आला. वारा आला, जाळीनं कडी ओढली, आणि तो थेंब ओघळला.

आणि वरच्या बाजूला माझं शेपूट होतं. ते भेगेच्या टोकावर येऊन आडवं पसरलं होतं, जाड झालं होतं, उसवलेल्या शिवणीवर टाका घालावा तसं. भेग तिथवर आली होती आणि तिथेच थांबली होती.

मला हसू आणि रडू एकदम फुटलं. कुणी सांगितलं नव्हतं, ड्रॉइंगमध्ये नव्हतं, माझ्या गणितात तर नव्हतंच. भेग वाढत गेली तसा तिच्या आजूबाजूच्या पत्र्यातला ताण प्रत्येक झुळकीला हलत होता, आणि माझं पॅड त्याचा माग काढत काढत तिच्यापर्यंत चालत आलं होतं. मी त्याला ग्राइंडर लावणार होते!

“सरू, आनंद नंतर,” अण्णा म्हणाले. “खाली कोण थांबवणार तिला?”

खरंच होतं. वर टाका होता, खाली मोकळं रान. उभी भेग ही टाकीची सगळ्यात वाईट भेग. मळी पाण्याहून कितीतरी जड. पोट फुगवणारा सगळा जोर ती भेग उघडायलाच बघतो. तिनं एकदा वर-खाली पळ काढला की टाकी साडीसारखी टर्रकन फाटते आणि घराएवढी लाट बाहेर येते. आणि बाहेर काय होतं? खुर्च्या भरल्या होत्या. पुढच्या रांगेत म्हाताऱ्या माणसांना बसवलं होतं. लेकरं जाळीच्या सावलीत शिवाशिवी खेळत होती. चेअरमन शैलजाताई सावर्डेकर गाडीतून उतरत होत्या.

अण्णा शिडीवरून उतरले ते थेट माइककडे, आणि त्यांच्यामागे मी. सनई बंद झाली.

“नमस्कार. मी भूपाल उपाध्ये. आपल्या तीन नंबरच्या टाकीला भेग पडली आहे. भेग पाडणारी ही जाळी मी बांधायला लावली होती. माझी चूक आहे. आता सगळ्यांनी उठायचं आणि गव्हाणीकडे चालायचं. पळायचं नाही. लेकरांचा हात धरा.”

शैलजाताई त्यांच्याजवळ आल्या, माइकवर हात ठेवून म्हणाल्या, “उपाध्येसाहेब, अहो आज? पूजा उरकू, मग बघू की. पाहुणे आलेत.”

“ताईसाहेब, मोळी गव्हाणीतच टाकायची आहे ना? मग पूजाही तिथेच करू. इथे आपण फक्त सावलीसाठी बसलोय.”

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “पोरी, तुला खात्री आहे? तुझ्या त्या यंत्राची?”

सकाळी मला हा प्रश्न विचारला असता तर मी खाली मान घातली असती. “आहे,” मी म्हटलं. “माझ्यापेक्षा त्याची जास्त आहे.”

शैलजाताईंनी टाकीकडे पाहिलं. काळा ओघळ आता खालूनही दिसत होता. मग त्या पुढे झाल्या, पूजेची हळदकुंकू लावलेली उसाची मोळी दोन्ही हातांनी उचलली, खांद्यावर घेतली आणि चालू लागल्या. भरजरी साडी, खांद्यावर मोळी, मागे वळून बघणं नाही. कुणालातरी सुचलं, त्यानं सनई पुन्हा लावली. आणि सगळा जमाव, म्हाताऱ्यांना आधार देत, पोरांना ओढत, मिरवणुकीसारखा त्यांच्या मागे निघाला. इतकी शिस्तीची पळापळ मी पुन्हा पाहीन असं वाटत नाही.

आवार रिकामं होताच आमची धावपळ सुरू झाली. मामांच्या माणसांनी खांबांकडून जाळी हळूहळू सैल सोडली. ती रिकाम्या खुर्च्यांवर पसरली. अण्णांनी रिकाम्या एक नंबरच्या टाकीचा व्हॉल्व्ह उघडला आणि मळी तिकडे ओढायला पंप सुरू केला. मळी गूळपाकासारखी घट्ट, ती सावकाशच चालायची. शेपटाला चिमटा तसाच ठेवून, लांब वायरीच्या टोकाला मीटर धरून मी दूर उभी. पंप लागल्यावर टाकी थरारली, आणि भेग खाली सरकली. आवाज आला तो अजून माझ्या कानात आहे, धोतर फाडल्यासारखा. मनगटाएवढी काळी धार भसकन बाहेर आली आणि पहिल्या रांगेतल्या खुर्च्यांवर आपटली.

“वर बघ!” अण्णा ओरडले. “सरू, वर!”

मी वर पाहिलं. हातातल्या मीटरवर आकडा पिसाटल्यासारखा नाचत होता. पण शेपूट तिथेच होतं. भेग वर जाऊ शकली नाही. खाली ती तळाजवळच्या जाड पत्र्यापर्यंत गेली आणि तिथे अडली. टाकी फाटली नाही. तिनं नुसती धार सोडली, आम्ही चर खणून ती वळवली, आणि पंप आपला ओढत राहिला.

पलीकडे गव्हाणीत मोळी पडल्याचा जयजयकार ऐकू आला. भर उन्हात उभं राहून लोकांनी टाळ्या वाजवल्या.

उन्हं कलली तेव्हा मळी कडीच्या खाली उतरली होती. अण्णा उलट्या पडलेल्या खुर्चीवर बसले होते. बूट मळीत माखलेले, मुंग्यांची रांग त्यांच्याकडे निघालेली. मी चहा दिला. त्यांनी घोट घेतला आणि म्हणाले, “सरू, मी सगळ्या टाक्यांना नियम लावले आणि ज्याला रोज हात जोडले त्याला विसरलो.” त्यांचे डोळे भरून आले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. आमच्या घरात असं कुणी करत नाही. पण त्या दिवशी ठेवला.

दस्तगीरमामांनी तोपर्यंत कडी कापून घेतली होती. “पॅड करून द्या ताई,” ते म्हणाले. “आन जागा बी तुमीच दाखवा. आता त्येला वजन हाय म्हनायचं.”

मग मला एकदम आठवलं. बाकीची पॅडं!

मी एकामागून एक फोन लावत सुटले. कुठे काही नव्हतं, कुठे नखभर वाढ. शेवटचा फोन लातूरजवळच्या एका तेलगिरणीत. तिथले सुपरवायझर नागनाथ बिराजदार, बोलायला मोठे गोड.

“मॅडम, बरं झालं तुमीच फोन केलात. तुमच्या पॅडला बाजूनं कोंब फुटलाय, बोटभर. मी म्हटलं काहीतरी बिघडलंय. उद्या माणूस लावून घासून घेतो, काळजी करू नका.”

“हात लावू नका!” मी इतक्या जोरात ओरडले की अण्णांचा चहा सांडला.

त्यांनी फोन माझ्या हातातून घेतला. “मी उपाध्ये बोलतोय. कोंब कुठल्या बाजूला आहे?”

“उजव्या, साहेब.”

“उजवीकडे टाकीला काय बांधलंय?”

“काहीच नाही. आमच्याकडं टाकीला काही बांधू देत नाहीत. फार कडक नियम आहे.”

“तरी चालत जा आणि बघा. फोन चालूच ठेवा.”

आम्ही दोघं फोनला कान लावून बसलो. बिराजदारांच्या चपलांचा आवाज, दूरवर कुठली तरी मोटर, मग चपला थांबल्या.

“साहेब,” त्यांचा आवाज एकदम खाली आला. “पाइपाच्या आधाराला उजव्या अंगानं, मागं साडी बांधलीया. झोळी हाय. झाडलोट करणारी बाई येते ना, तिचं लेकरू. सावली बघून बांधली असंल. जाता-येता सगळेच हलवतात वाटतं.”

मी मनातल्या मनात हिशेब करून पाहिला. लेकराचं वजन ते किती! त्या टाकीला ते कळायलाही नको. पण झोका. दिवसभर, रोज, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाचा एकेक झोका. माझ्या लोखंडाला तो कळला होता आणि ते बोटभर पुढे झालं होतं, झोळी धरायला. मला आवरेना, मी सरळ रडायला लागले.

“सोडायला लावू का झोळी, साहेब?” बिराजदारांनी विचारलं.

अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. मग फोन तोंडाजवळ धरून अगदी हलक्या आवाजात म्हणाले, “लेकरू जागं आहे का?”

“नाही साहेब, झोपलंय गाढ.”

“मग थांबा. उठू दे आधी.”